जरा घराकडं लक्ष ठेवा

१

राजेश्वरीच्या दिवसातला एकच तास तिचा स्वतःचा होता, सकाळी सहा ते सात. बाकीचे तेवीस महेश्वरांचे. गेल्या जूनमध्ये नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली, चावायची ताकदही गेली. चाटी गल्लीतल्या चादरींच्या दुकानात तीस वर्षं गिऱ्हाइकांशी घसा फोडून बोललेला माणूस आता दिवसभर पंख्याकडं बघत पडून असायचा. त्यांना उठवणं, पुसणं, कुशीवर वळवणं, भरवणं सगळं राजेश्वरी करायची. करताना ती कधी कुरकुर करत नाही, असं लोक म्हणायचे. लोकांना काय जातंय म्हणायला. कुरकुर ती मनात करायची आणि पोटभर करायची.

होटगी रोडवरच्या कॉलनीत त्यांचं बैठं घर होतं. मागच्या खोलीत महेश्वरांची कॉट, तिला लागूनच स्वयंपाकघर. सहाला ती त्यांना उशांना टेकवून बसवायची, बाहेरून कुलूप घालायची आणि तळ्याकडं फिरायला निघायची. परत आली की चपला काढता काढता विचारायची, "ऊटा आतेन्री?" घरात मराठी-कानडी दोन्ही चालायचं आणि 'जेवण झालं का' हा प्रश्न लग्नापासूनचा होता. आता त्याची थट्टा झाली होती. उजवा हात न हलणारा माणूस कुलपाआड एकट्यानं काय जेवणार? मग ती कडक भाकरी दुधात कुस्करायची, मऊ लगदा करायची आणि चमच्यानं त्यांना भरवायची. अर्धी पोटात जायची, अर्धी हनुवटीवरून खाली यायची.

तळ्यावर फिरणाऱ्या सात-आठ निवृत्त मंडळींचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, नाव 'पायपीट'. त्याच्या म्होरक्या म्हणजे वैजयंती, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, पण अजून तसं मनावर न घेतलेल्या. त्यांचा नियम असा की कुणीही फुलांचं सुप्रभात टाकायचं नाही. फिरताना मोबाइलवर एक फोटो काढायचा आणि त्याखाली स्वतःची चार ओळींची गोष्ट लिहायची. राजेश्वरीचा त्यात हातखंडा होता. पाण्यात उभ्या असलेल्या बगळ्याखाली तिनं लिहिलं होतं: 'साहेब पाण्यात उभे राहून फाइल शोधत होते. मासा म्हणाला, उद्या या. साहेबांनी त्याला गिळला. सरकारी काम एका दिवसात झाल्याची ही पहिलीच वेळ.' वैजयंतींनी त्या दिवशी हसून हसून डोळे पुसले होते. राजेश्वरीला वाटायचं, या चार ओळी सुचतात तोवर आपण मेलेलो नाही.

२

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली त्या आठवड्यात तळ्यातली जलपर्णी मशीननं उपसून काठावर टाकली होती. सगळे ढीग उन्हानं वाळून तपकिरी पडले. एक मात्र वाळला नाही. बंधाऱ्याच्या पार टोकाला, बाभळीखाली, तो एकटाच होता. गाळ, मुळ्या, कुजकं गोणपाट असं काहीतरी एकात एक गुंतून झालेला गोळा. उकिडव्या बसलेल्या माणसाएवढा. त्याला खांदे होते असं वाटायचं आणि मान खाली घातल्यासारखी. अंगावर गोगलगायी चिकटलेल्या, त्यांच्या चकचकीत रेघा उलट्यासुलट्या गेलेल्या. वास तर असा की चार दिवसांचं खरकटं मोरीत तुंबावं. राजेश्वरीनं पदर नाकाला लावला आणि दुसऱ्या हातानं फोटो काढला. घाणीचाही फोटो चांगला येतो, हे ग्रुपवर तिला एव्हाना कळलं होतं.

गोष्ट तिला चालता चालताच सुचली. 'हे आमचे भाऊजी. आंघोळीचा कंटाळा, म्हणून इथं येऊन बसलेत. म्हटलं, भाऊजी, रिकामेच आहात तर जरा घराकडं लक्ष ठेवा, ह्यांच्या खाण्यापिण्याचं बघा. भाऊजी लाजले.'

ग्रुपवर हशा पिकला. आपल्याकडं दूधवाला काका असतो, भाजीवाली मावशी असते, एसटीचा कंडक्टर दादा असतो. नातं लावायला आपण कुणाची परवानगी काढत नाही. आणि घरातून पाऊल बाहेर टाकताना शेजारच्या दाराशी 'जरा लक्ष ठेवा' म्हणायची सवय तर हाडात मुरलेली. राजेश्वरीनं दोन्ही एका घाणीच्या गोळ्यावर उधळलं. भाऊजी म्हणजे नवऱ्याचा भाऊ. त्याला दार वाजवावं लागत नाही, तो थेट चुलीपर्यंत येऊ शकतो, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. इतकंच नाही, दुसऱ्या दिवशी तिथून जाताना ती हसत मोठ्यानं म्हणाली, "येते हं भाऊजी. घराकडं बघा तेवढं."

गोळ्यावरची एक गोगलगाय सावकाश आत ओढली गेली. बाहेर आली नाही.

३

तिसऱ्या दिवशी सकाळी फिरून आल्यावर तिनं कडक भाकरीचा डबा उघडला. भाकऱ्या बनाबाई करून द्यायची. भांडी घासायला यायची तेव्हा आठवड्याची चळत घेऊन यायची, पापडासारख्या पातळ, वाजणाऱ्या. वरच्या चार भाकऱ्या तशाच होत्या. पाचवी उचलायला गेली तर बोटं आत रुतली.

ती ओली होती. नुसती ओली नव्हे, चघळलेली होती. कडेपासून मधापर्यंत कुणीतरी तोंडात घोळवून मऊ केली होती आणि मग गोल आकार जमवून, थापून, पुन्हा चळतीत नीट ठेवली होती. वर चिकट तार सुटत होती. राजेश्वरीच्या बोटांना ती तार लागली. तिनं साबणानं तीनदा हात धुतले. तरी बोटांना तळ्याचा वास येत राहिला.

"उंदीर असेल," ती बनाबाईला म्हणाली. म्हणताना तिचा स्वतःचाच विश्वास नव्हता.

बनाबाईनं डब्यात वाकून बघितलं आणि तोंड फिरवलं. "उंदीर कुरतडतंय, ताई. चघळून परत ठेवत न्हाय. आनि झाकण कोन लावतंय त्याचं?"

"मग काय असेल?"

"मला काय म्हाईत. दात न्हायती त्याला, एवडं दिसतंय." ती भांड्यांकडं वळली. "फेकून द्या समदं. आनि डबा मला घासाय सांगू नका."

डबा राजेश्वरीनं स्वतः घासला, तोंडाला रुमाल बांधून. मग लगदा कालवून महेश्वरांपुढं बसली तर त्यांनी ओठ मिटून घेतले. चमचा आत जाईना. ती म्हणाली, "खा की हो. उपाशी राहणार का?" त्यांनी डावा हात पोटावर ठेवला, जेवण झालेला माणूस ठेवतो तसा, आणि डोळे मिटले.

तिला राग आला. मग भीती वाटली. मग तिनं स्वतःची समजूत घातली, की भूक मंदावली असेल, थंडीचे दिवस आहेत.

४

आठवडाभर हेच चाललं. महेश्वर तिच्या हातून घास घेईनात आणि तरीही त्यांचे गाल भरू लागले. मानेवरची लोंबती कातडी ताठ झाली. डॉक्टर घरी येऊन तपासून गेले, म्हणाले, "छान. काय खायला घालताय ते चालू ठेवा." राजेश्वरीनं त्यांना दारापर्यंत पोचवलं. काय सांगणार होती ती?

त्यानंतरच्या सकाळी तिनं दारातून नेहमीसारखं विचारलं, "ऊटा आतेन्री?"

आतून कानडीतच उत्तर आलं, "आतु."

झालं. आठ महिन्यांनी पहिला शब्द. राजेश्वरी चप्पल एका पायात तशीच ठेवून आत धावली, त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि रडली. "परत म्हणा, परत म्हणा," असं ती म्हणत होती आणि ते म्हणत होते, "आतु. आतु." प्रत्येक शब्दाबरोबर तोंडातून तो वास येत होता.

रडणं थांबल्यावर तिनं त्यांचं तोंड पुसायला घेतलं. रोजच्यासारखा बोटाला ओला फडका गुंडाळून तिनं तो गालाच्या आतून फिरवला. लकवा मारलेल्या बाजूला घास साचून राहतो, तो काढावा लागतो. बोटाला गोळा लागला. तिनं तो बाहेर काढला. करडा, गरम, चावून चावून एकजीव केलेला जोंधळ्याचा लगदा. त्यात जलपर्णीची मुळी होती, केसासारखी लांब. ती ओढली तशी येतच राहिली, घशाच्या आतून. मुळीच्या टोकाला शेंगदाण्याएवढा शंख होता आणि त्यातलं जे काही होतं ते अजून हलत होतं.

राजेश्वरी मोरीपर्यंत पोचली नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच ओकली. तिथं बसल्या बसल्या तिला दिसलं की महेश्वर तिच्याकडं बघताहेत आणि त्यांच्या जिभेचं टोक ओठांवरून सावकाश फिरतंय. त्यांना तो घास परत हवा होता.

५

विचार करणारी बाई होती ती. घराची दुसरी किल्ली कुणाकडं नव्हती. खिडक्यांना गज होते. बनाबाई यायची ती सातनंतर. तिनं फोन हातात घेतला आणि त्या आठवड्याचे फोटो एकेक करून मोठे केले.

बंधाऱ्यावरून जाताना ती उगवतीचे फोटो काढायची आणि तळ्याला वळसा घालून परतताना पाणपाखरांचे. दोन्हींत कोपऱ्यात बाभूळ यायची. जातानाच्या प्रत्येक फोटोत बाभळीखाली तो गोळा होता. परततानाच्या एकाही फोटोत नव्हता. फक्त जमिनीला एक खळगा दिसत होता. गोष्ट लिहिली त्या दिवसाच्या दोन्ही फोटोंत मात्र भाऊजी जागेवर होते.

दुसऱ्या दिवशी ती वैजयंतींना घेऊनच तिथं गेली, मुद्दाम उशिरा, सात वाजून गेल्यावर. गोळा होता. त्याच्या बुडाशी ओल्या मातीत कडक भाकरीचे तुकडे पडले होते, कोरडे, पांढरे.

"पिकनिकवाले टाकून गेले असतील की," वैजयंती म्हणाल्या.

"आणि हा मधेच जातो कुठं?"

"अगं, तू बाभळीची बाजू बदलून फोटो काढतेस. येताना झाडाआड जात असेल." वैजयंतींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "राजेश्वरी, तुला झोप मिळत नाही. महेश्वर बोलायला लागले ना? मग आनंद मान. किती बायका वाट बघत बसतात."

त्यांचं बोलणं शहाणपणाचं होतं. राजेश्वरीनं ते मनावर घेतलं आणि घरी येऊन ठरवलं, उद्यापासून फिरायला जायचं नाही. ती घरात असेल तर कोण येतंय ते बघू.

कुणी आलं नाही. सहाला महेश्वरांनी मान दाराकडं वळवली आणि तोंड उघडलं. पिल्लू उघडतं तसं, वर करून, मोठं. सातपर्यंत ते तसंच उघडं होतं. मग मिटलं. तिनं दूधभाकरी आणली, दात घट्ट. शिरा केला, दात घट्ट. मुगाचं पाणी नाकाशी धरलं तेव्हा त्यांनी डाव्या हातानं वाटी उडवली. दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी ओठांना भेगा पडल्या, चौथ्या दिवशी डोळे आत गेले. डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि तिला बाजूला घेऊन म्हणाले, "नाकातून नळी घालू, पण हे ती जागेवर राहू देतील असं मला वाटत नाही. पोटात काही गेलं नाही तर आठवडाही काढणार नाहीत. एवढं चांगलं खात होते, ताई, तुम्ही बदल काय केला?"

६

पाचव्या दिवशी सहाला तिनं चप्पल घातली. सलाइनची सुई रात्रीच उपसून टाकली होती महेश्वरांनी. दाराला कुलूप घातलं, गेट वाजेल असं लावलं, गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेली आणि मागच्या बोळातून परत आली. स्वयंपाकघराची खिडकी बोळात उघडायची. फरशीचा एक तुकडा होता, त्यावर चढून तिनं गजांना कपाळ लावलं.

आधी आवाज आला. पचक, पचक, पचक. कुणीतरी घाई न करता चावतंय. मध्येच कडक भाकरी मोडल्याचा कट् आवाज आणि पुन्हा पचपच. वास नाकात शिरला आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं ते. तिनं पदर तोंडात कोंबला.

स्वयंपाकघरापलीकडच्या उघड्या दारातून कॉटची अर्धी बाजू दिसत होती. महेश्वरांची मान वर, तोंड उघडं, डोळे मिटलेले. त्यांच्यावर एक पाठ वाकली होती. करडी, ओली, पाठीच्या मधोमध मणके असावेत तिथं मुळ्या. ठिबकत होती. चेहरा होता की नाही, तिला दिसला नाही आणि त्याबद्दल ती पुढं कायम देवाचे आभार मानणार होती. दिसला तो हात. त्याला बोटं किती होती तेही तिनं मोजलं नाही. तो हात महेश्वरांच्या हनुवटीखाली होता, सांडू नये म्हणून ओंजळ करून धरलेला. दुसरा त्यांचं डोकं मागून सावरत होता. घास पडला की ती पाठ थांबायची. गिळलं का बघायची. मग हलकेच हनुवटी पुसायची.

आठ महिन्यांत राजेश्वरीनं त्यांना एकदाही इतक्या मायेनं भरवलं नव्हतं. तिला घाण वाटली ती याची. त्या लाळेची नव्हे, त्या गोगलगायींची नव्हे. चमचा दातांवर आपटत, घड्याळाकडं बघत 'खा की हो' म्हणणाऱ्या आपल्या हाताची तिला शिसारी आली. ती फरशीवरून उतरली आणि बोळातल्या भिंतीला टेकून बसली. आतला आवाज ऐकू येणार नाही म्हणून तिनं कानात बोटं घातली होती, तरी तो येत होता.

सातला तिनं पुढून येऊन कुलूप उघडलं. फरशी कोरडी होती. महेश्वरांच्या गालांवर रंग होता. तिनं काही विचारलं नाही. तेच बोलले, जड जिभेनं, पण स्वच्छ.

"उद्या पण," ते म्हणाले, "फिरून ये."

७

दुसऱ्या दिवशी तिनं बनाबाईकडच्या ताज्या भाकऱ्यांनी डबा भरला. वरच्या बाजूला शेंगाचटणीची वाटी ठेवली. पाहुण्याला कोरडं कसं घालायचं? चटणीचं बोट चाटलं, भाकरीचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि कुलूप घालून निघाली.

थंडी होती. महेश्वरांच्या दुकानातली जुनी करडी चादर तिनं डोक्यावरून घेतली होती. 'पायपीट'ची मंडळी पलीकडच्या काठानं चालली होती, त्यांचं हसणं पाण्यावरून येत होतं. त्यांच्यात जायचं तिला नको झालं. कुणीतरी विचारणार, ह्यांची तब्येत कशी आहे, आणि तिला सांगावं लागणार, सुधारतेय. ती बंधाऱ्याच्या टोकापर्यंत गेली. बाभळीखाली गोळा नव्हता. खळगा होता. उकिडवं बसता येईल एवढा, आणि बाकी सगळीकडं दव असताना तो आतून कोमट होता.

पाय दुखत होते. तासच तर काढायचा होता. ती बसली.

पाणी हळूहळू उजळत गेलं. बगळे आले. तिनं फोटो काढला नाही, चार ओळी काही सुचल्या नाहीत. घरी आता काय चाललं असेल ते ती बघत होती, मनातल्या मनात, घासागणिक. बसल्या बसल्या तिची एक ओंजळ आपोआप हनुवटीखाली आली होती.

सातला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला. ग्रुपवर वैजयंतींचा फोटो आला होता, पलीकडच्या काठावरून मोठा करून काढलेला. त्यात पाणी, बाभूळ, बाभळीखाली करडा गोळा. खांदे असलेला, मान खाली घातलेला. खाली वैजयंतींनी लिहिलं होतं: 'राजेश्वरी आज दिसली नाही, पण तिचे भाऊजी जागेवर आहेत. म्हटलं, भाऊजी, एकटेच? भाऊजी काही बोलले नाहीत. तोंडात घास असावा.'

राजेश्वरीनं फोन चादरीत ठेवला. निघताना टाकलेला भाकरीचा तुकडा अजून तिच्या तोंडात होता. तासभर चावून त्याचा मऊ, कोमट लगदा झाला होता. तो तिनं गिळला नव्हता.